स्मृतीची वाटणी

गेल्या हिवाळ्यात आक्काकडे भोपाळला आठ-दहा दिवस राहून आलो. दाजी भेलच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षे झाली. घरात नातू आहे, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. मी पोचलो त्या संध्याकाळी घरात सुतकी शांतता होती. विचारले तर कळले, की नातवाने एम. पी. नगरातल्या एका दुकानातून संगणक जोडून आणला आहे आणि दुकानदाराने त्याला फसवले आहे.

"मामाआजोबा, तुम्हीच बघा. पैसे आठ जीबी रॅमचे घेतले. आणि हा स्वतः काय सांगतोय? आठ, पण त्यातले वापरण्याजोगे पाच पूर्णांक नऊ. दोन जीबी गायब! आणि वेग खोक्यावर छापलाय ३२०० आणि इथे दिसतोय १२००."

दाजी म्हणाले, "उद्या जाऊन त्याचं दुकान डोक्यावर घेऊ." मी म्हटले, जरा थांबा. कारण मला या गोष्टीचा इतिहास थोडाफार ठाऊक होता. पडद्यावर काहीतरी दिसावे म्हणून संगणकाच्या स्मृतीतला वाटा द्यावा लागणे ही भोपाळच्या दुकानदाराची करामत नव्हे. संगणकाचा जन्म झाला तेव्हापासूनची ती वाटणी आहे आणि आपल्या लिपीचे नशीबही काही काळ तिच्यावरच अवलंबून होते. त्या रात्री जेवणानंतर जे सांगितले ते थोडे नीट करून इथे मांडतो.

सुरुवातीला तर स्मृती आणि पडदा या दोन वस्तूच नव्हत्या. इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका लहानशा यंत्राने स्वतःच्या पोटात साठवलेला कार्यक्रम प्रथमच चालवून दाखवला. त्याची स्मृती म्हणजे टीव्हीत असते तसली काचेची नळी. नळीच्या तोंडावर विद्युतभाराचे ठिपके उमटवायचे, ते विझण्याआधी वाचायचे आणि पुन्हा उमटवायचे. बत्तीस ओळी, प्रत्येक ओळीत बत्तीस ठिपके. आजच्या हिशेबाने अवघे १२८ बाइट. शेजारी तशीच दुसरी नळी ठेवून संशोधक तिच्यावर उत्तर वाचत. म्हणजे यंत्राला काय आठवते आहे ते माणसाला डोळ्यांनी दिसत असे. असे भाग्य पुढे फारसे कोणाला लाभले नाही.

आपल्याकडे हे काम मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झाले. होमी भाभांची संस्था. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुणांच्या गटाने, ज्यांतल्या बहुतेकांनी संगणक नुसता पुस्तकातच पाहिला होता, आधी एक नमुना यंत्र केले. ते १९५६ साली चालू झाले. त्याच वर्षी भोपाळला नव्या मध्य प्रदेशाची राजधानी होण्याचा मान मिळाला आणि दाजींच्या कारखान्याची कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. दाजींना हा योगायोग फार आवडला. त्यांनी तो मला तीनदा सांगायला लावला.

नमुन्यावरून बांधलेले पूर्ण यंत्र १९६० साली कामाला लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यात २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियमचे डायोड आणि साडेबारा हजार रोधक होते. त्याची स्मृती मात्र नळीची नव्हती, मण्यांची होती. फेराइट या चुंबकीय द्रव्याची बारीक कडी तारांच्या जाळीत ओवलेली असत. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर एक, उलट दिशेने झाले तर शून्य. जगभरात ही ओवणी पुष्कळदा बायकांच्या हातांनी, भिंगाखाली होत असे. मोत्याची नथ घडवणाऱ्याला हे काम कळले असते. टिफ्रॅकमध्ये ४० अंकांचा एक असे २०४८ शब्द मावत, म्हणजे बरोबर दहा किलोबाइट. या लेखाचा मजकूर आजच्या पद्धतीने साठवला तर तो त्यात मावायचा नाही! एकदा वाचून पुन्हा लिहिण्याची एक फेरी पूर्ण व्हायला १५ मायक्रोसेकंद लागत.

आणि या टिफ्रॅकला पडदाही होता. आलेख व अक्षरे दाखवणारी कॅथोड किरण नळी त्याला जोडलेली होती. म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट स्मृतीच्या यंत्रातही कोणाला तरी वाटले, की उत्तर नुसते छापून चालणार नाही, ते डोळ्यांसमोर दिसले पाहिजे. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले आणि टिफ्रॅकचे दिवस संपले.

मण्यांच्या जागी सिलिकॉनची चिप कशी आली, हे थोडक्यात सांगतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये अशी युक्ती काढली, की एका सूक्ष्म धारित्रात भार आहे की नाही यावरून एक किंवा शून्य ओळखायचे आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर पहारेकरी ठेवायचा. १९७० साली इंटेलने भार साठवण्याच्याच तत्त्वावरची ११०३ ही चिप बाजारात आणली आणि मण्यांचा धंदा बसला. पण हे धारित्र म्हणजे पाझरते मडके. भरले की लगेच गळू लागते. म्हणून प्रत्येक मडके सेकंदाच्या साधारण सोळाव्या हिश्शात एकदा तपासून पुन्हा भरावे लागते. आजही आपल्या टेबलावरच्या संगणकात हे पाणी भरणे अहोरात्र चालू असते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घरगुती संगणक आले तेव्हा स्मृती महाग होती आणि पडद्याला ती लागतेच. समोर दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्याचा रंग कुठेतरी लिहून ठेवलेला असतो, आणि पडदा सेकंदाला पन्नास-साठ वेळा तो सगळा तक्ता वाचून काढतो. हा तक्ता ठेवायचा कुठे?

एक उत्तर म्हणजे एकत्र कुटुंब. आमच्या पिढीतल्या काही शिक्षकांना १९८४ चा 'क्लास' प्रकल्प आठवत असेल. सरकारने देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे इंग्लिश संगणक दिले होते. त्यात सगळी मिळून ३२ किलोबाइट स्मृती. चित्रांचा सर्वांत बारीक प्रकार निवडला तर त्यातली २० किलोबाइट एकटा पडदा खाई! उरलेल्या बारांत मास्तरांचा कार्यक्रम. तेच साध्या अक्षरांचा प्रकार निवडला तर पडदा एका किलोबाइटात भागे. कोणता प्रकार निवडायचा हे मास्तरांनी ठरवायचे. नातवाच्या संगणकात आज जी 'सेटिंग' आहे, तिची आजी ही. त्या यंत्राची आणखी एक खुबी होती. त्याची स्मृती प्रोसेसरच्या दुप्पट वेगाने चाले. एक पाळी प्रोसेसरची, दुसरी पडद्याची. कालव्याच्या पाण्यासारखीच पाळी, पण कोणी कोणाचा दांड फोडत नसे, कारण पाणी दोघांना पुरेल इतके होते.

दुसरे उत्तर म्हणजे विभक्त चूल. १९८१ च्या आयबीएम पीसीने पडद्यासाठी वेगळे कार्ड आणि त्यावर वेगळी स्मृती दिली. साधे कार्ड घेतले तर ४ किलोबाइट. त्यात ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २००० घरे. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा क्रमांक आणि एक त्याची ठेवण. अक्षराचे वळण मात्र या स्मृतीत नसे. ते कार्डावरच्या एका चिपमध्ये कायमचे कोरलेले असे आणि अशी वळणे होती एकूण २५६. इंग्रजीची मोठी-लहान लिपी, आकडे, युरोपातली टोपीवाली अक्षरे, काही ग्रीक अक्षरे, चौकटी काढायच्या रेघा. खाते इथे बंद.

आपली वेलांटी, रफार, जोडाक्षर यांना त्या २००० घरांत एक खोलीसुद्धा नव्हती. ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. व्हॅन सुवन्नुकुल या थायलंडच्या विद्यार्थ्याला अमेरिकेत आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि पीसीवर ते जमेना. म्हणून त्याने स्वतःच ६४ किलोबाइट स्मृतीचे, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचे कार्ड बनवले. १९८२ साली निघालेले हे 'हर्क्युलिस' कार्ड पुढे जगभर खपले. आपल्याकडच्या काळ्या-हिरव्या पडद्यांमागे वर्षानुवर्षे तेच किंवा त्याची नक्कल असे. पडद्याच्या स्मृतीचा एवढा मोठा टप्पा एका माणसाच्या मातृभाषेच्या हट्टापायी गाठला गेला, हे किती जणांना ठाऊक आहे?

आपला हट्ट कानपूरच्या आयआयटीत धरला गेला. तिथे देवनागरीचा टर्मिनल तयार झाला आणि १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो लोकांना दाखवला गेला. त्या कामातले मोहन तांबे पुढे पुण्याला सी-डॅकमध्ये आले. महासंगणकासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेली आणि आपल्या अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांनी उभी केलेली ही संस्था. वर्तमानपत्रांत गाजला तो तिथला 'परम'. पण माझ्या मते सामान्य मराठी माणसाच्या टेबलापर्यंत पोचले ते तिथले 'जिस्ट' कार्ड.

जिस्ट कार्ड हे पीसीच्या खाचेत बसवायचे. त्यावर स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि त्या स्मृतीत आपल्या लिप्यांची वळणे. वर्डस्टार किंवा डीबेस यांसारखा कार्यक्रम आपल्या नेहमीच्या पद्धतीने आकडे पाठवत राही. वाटेत जिस्ट ते आकडे पकडून देवनागरी काढून देई. बिचाऱ्या वर्डस्टारला पत्ताही नसे, की आपण मराठी लिहितो आहोत. यासाठीचे क्रमांक पुढे १९९१ मध्ये 'इस्की' या नावाने भारतीय मानक झाले. त्यात क म्हणजे १७९, मग तो मराठीचा असो की कानडीचा. त्यामुळे तीच नावांची यादी एका कळीसरशी दुसऱ्या लिपीत पाहता येई. आपल्या भागात ज्यांनी दोन्ही लिप्यांत मतदारयाद्या चाळल्या आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

इथे दाजींनी मला थांबवले. उठून आतल्या कपाटातून एक बुटाचे खोके आणले. त्यात दहा-बारा फ्लॉप्या. भोपाळातल्या एका मराठी मंडळाची स्मरणिका आणि हिशेब नव्वदच्या दशकात दाजी पाहत. मंडळाने वर्गणी काढून एक पीसी आणि एक जिस्ट कार्ड घेतले होते. पाच-सहा वर्षांनी ते यंत्र मोडीत निघाले, नवे आले आणि जुने कार्ड नव्या यंत्रात बसेना. दाजींनी फ्लॉपी उघडली, तर मराठीच्या जागी नुसत्या रेघा. उभ्या, आडव्या, दुहेरी, कोपऱ्यात वळलेल्या.

"मला वाटलं, फ्लॉपी सडली."

सडली नव्हती. इस्कीत क पासून ह पर्यंतची व्यंजने १७९ ते २१६ या क्रमांकांवर आहेत. आणि आयबीएमच्या त्या २५६ वळणांच्या संचात नेमके याच क्रमांकांवर चौकटीच्या रेघांचे तुकडे आहेत. कार्ड होते तोवर १७९ म्हणजे क. कार्ड निघाले की १७९ म्हणजे एक उभी रेघ. फ्लॉपीतला मजकूर शाबूत होता. तो कसा दिसावा याची आठवण कार्डावर होती आणि कार्ड भंगारात गेले होते.

दाजी बराच वेळ खोक्याकडे बघत बसले. नातवाने फ्लॉपी पहिल्यांदाच हातात घेतली होती. तो तिचे पत्र्याचे दार सरकवून बघत होता.

पुढे व्हीजीए आले (१९८७, २५६ किलोबाइट), विंडोज आले आणि अक्षर हेही एक चित्रच झाले. मग लिपीसाठी वेगळे कार्ड लागेना. श्रीलिपीसारखे फाँट पुरले. पण ठिपके वाढले, रंग वाढले, तशी कार्डावरची स्मृतीही फुगत गेली आणि स्वस्त संगणक विकणाऱ्यांना ती परवडेना. तेव्हा पुन्हा एकत्र कुटुंबाचा विचार निघाला. तैवानच्या काही कंपन्यांनी प्रयोग केले होतेच. १९९९ साली इंटेलने ८१० हा चिपसंच काढला आणि ही पद्धत घरोघर गेली. चित्रे काढणारा भाग मुख्य चिपसंचातच; त्याला स्वतःची वेगळी स्मृती असलीच तर नावाला, बाकी सगळी मुख्य रॅममधून उसनी.

यात एक गोम होती. तेव्हाची रॅम सेकंदाला फार तर ८० कोटी बाइट देऊ शके. १०२४ बाय ७६८ ठिपके, दर ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला ८५ वेळा वाचन धरले, तर सुमारे २० कोटी होतात. म्हणजे माणूस नुसता पडद्याकडे बघत बसला, तरी रॅमच्या वेगाचा चौथा हिस्सा खर्ची पडे. "एकत्रवाले ग्राफिक्स म्हणजे रडतखडत" हा लौकिक त्या काळात झाला आणि अजून पुसलेला नाही. आज तो हिशेब बदलला आहे. १९२० बाय १०८० चा पडदा सेकंदाला साठ वेळा वाचायला सुमारे ५० कोटी बाइट लागतात आणि ३२०० ची एकच पट्टी २५६० कोटी देते. नुसते दाखवणे आता किरकोळ खर्चात मोडते. खरी भूक असते ती खेळांतल्या, चलत्चित्रांतल्या आकृती रंगवण्याची.

आता नातवाच्या तक्रारी घेऊ. दोन जीबी चोरीला गेले नव्हते. यंत्र सुरू होताना जी निळी-काळी पाने उघडता येतात, त्यांत ग्राफिक्ससाठी किती स्मृती राखून ठेवायची याची एक नोंद असते. तिथे कोणीतरी दोन जीबी लिहून ठेवले होते. राखीव जागा ही थोरल्या भावाने आधीच कुंपण घातलेल्या परसासारखी. वापरा, न वापरा, इतरांना ती मिळत नाही. गंमत अशी, की कुंपण मोठे केल्याने वेग फारसा वाढत नाही, कारण आतली माती आणि बाहेरची माती एकाच पट्टीतली. कुंपणात जागा कमी पडली तर विंडोज बाहेरची गरजेप्रमाणे देतेच. काही कार्यक्रम मात्र सुरू होण्यापूर्वी राखीव जागा मोजतात आणि ती कमी दिसली तर अडून बसतात. त्यांच्यापुरता मोठ्या आकड्याला अर्थ आहे. एरवी आठ जीबीच्या घरात दोनचे कुंपण म्हणजे पाहुण्यांच्या खोलीपायी घरच्यांनी ओटीवर झोपणे.

वेगाची तक्रार अर्धी खरी, अर्धी खोटी. आजची रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माल देते. ठोका चढताना एकदा, उतरताना एकदा. खोक्यावर माल छापतात, काही कार्यक्रम ठोके दाखवतात. १२०० ठोके म्हणजे २४००. राहिलेल्या ८०० चा खुलासा असा, की पट्टी आधी सावधपणे, सर्वमान्य वेगाने चालते. खोक्यावरच्या वेगाचे टिपण पट्टीवरच्या एका बारीक चिपमध्ये असते आणि त्या निळ्या-काळ्या पानांत जाऊन ते चालू करावे लागते. दुकानदाराने ते केले नव्हते. याला आळस म्हणता येईल, लबाडी नव्हे.

आणि ज्याकडे नातवाचे लक्षच नव्हते ती चूक सर्वांत मोठी होती. आठ जीबीची एकच पट्टी एका खाचेत बसवली होती. प्रोसेसरपासून स्मृतीपर्यंत दोन पाट असतात. एक कोरडा ठेवला होता. वेगळे कार्ड असते तर एवढे जाणवले नसते. पण जिथे चित्रेही याच पाण्यावर, तिथे दोन्ही पाट वाहते हवेत.

"म्हणजे ३२०० केलं की सगळंच जलद?" नातवाने विचारले. सगळे नव्हे. माल भराभर येतो, पण पहिला नग हाती येईपर्यंतचा वेळ फारसा घटलेला नाही. वीस वर्षांपूर्वीची चांगली ४०० ची पट्टी दोन ठोक्यांनी उत्तर देई, आजची ३२०० ची पट्टी सोळा ठोक्यांनी देते. ठोके आठपट जलद झाले आणि लागतातही आठपट. दोन्हीकडे दहा नॅनोसेकंदच. तेही आधी नेमकी ओळ उघडलेली असेल तर. ती उघडून-मिटून पूर्ण फेरी व्हायला ४५ ते ५० लागतात. टिफ्रॅकचे १५ मायक्रोसेकंद तिच्याशी ताडून पाहिले, तर साठ वर्षांत आपण सुमारे तीनशे पट पुढे गेलो. साठवण मात्र दहा किलोबाइटवरून आठ जीबीवर, म्हणजे आठ लाख पटींहून अधिक वाढली. कोठार वाढले तितके कोठाराचे दार मोठे झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा-नातू दुकानात गेले आणि भांडण न करता तशीच दुसरी पट्टी विकत घेऊन आले. रात्री नातवाने राखीव जागा पाचशे बारा एमबीवर आणली, वेगाचे टिपण चालू केले. सेकंदाला १९२० कोटी बाइटांचा पुरवठा ५१२० कोटींवर गेला आणि विंडोजने सोळापैकी पंधरा पूर्णांक चार जीबी वापरण्याजोगे दाखवले.

मग तो फ्लॉप्यांच्या मागे लागला. एका मित्राकडून फ्लॉपी वाचणारे जुने यंत्र मिळाले. दहा-बारांपैकी तीन वाचता आल्या. युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली असल्यामुळे इकडचे क्रमांक तिकडे नेणारा छोटा कार्यक्रम त्याने दोन संध्याकाळींत लिहिला. जोडाक्षरांत काही घोळ झाले, ते दाजींनी शेजारी बसून सांगितले.

पहिल्या फाइलीत १९९३ च्या गणेशोत्सवाचा जमाखर्च निघाला. मांडववाल्याचे दीडशे रुपये देणे दिसत होते. दाजी चष्मा पुसत म्हणाले, "ते दिले होते. पावती आहे माझ्याकडे," आणि पुन्हा कपाटाकडे गेले.